बाटलीतला उजेड

औरादच्या बसस्थानकावर पडलेली पाण्याची रिकामी बाटली उचलून पाहा. बुडाशी त्रिकोणात १ दिसेल. म्हणजे हे पेट प्लास्टिक. स्पेनचे डिझायनर आल्वारो कातालान दे ओकोन यांनी कोलंबियातल्या विणकरांना हाताशी धरून अशाच बाटल्यांच्या दिव्यांचा उद्योग उभा केला. तोंड तसंच ठेवायचं, खालचा भाग उभ्या पट्ट्यांत चिरायचा. पट्ट्या झाल्या ताणा. त्यात रंगीत बाणा भरायचा. वायर तोंडातून वर. असे दिवे आता महागड्या दिवाणखान्यांत लटकतात. किल्ल्यातल्या मातीने बिदरी धातुकामाला काळी झळाळी आणणाऱ्या आपल्या बिदर जिल्ह्याला याचं कसलं नवल! मेख एकच: पेट साधारण ७५ अंशांना मऊ पडतं. घरी करून पाहाल, तर जुना तापणारा बल्ब नको. कमी वॅटचा एलईडीच लावा.