एकाच पक्षाच्या संसदेतले सभापती

दोस्तांनो, वर्गात दोन गट भांडायला लागले की मॉनिटरची गरज पडते. पण समजा, अख्खा वर्ग एकाच गटातला असला तर? मग मॉनिटरला काम काय?

आफ्रिकेतल्या टांझानियाच्या संसदेत असंच होतं. १९६५ ते १९९२ या काळात तिथे कायद्याने एकपक्षीय राज्य होतं. विरोधी बाकंच नाहीत! आणि या संसदेचे, म्हणजे 'बुंगे'चे सभापती होते आदम सापी म्क्वावा. १९६२ ते १९७३ आणि पुन्हा १९७५ ते १९९४, अशी तब्बल तीस वर्षं!

हे होते हेहे लोकांचे राजे. त्यांचे आजोबा म्क्वावा यांनी १८९१ साली जर्मन फौजेचा लुगालोला धुव्वा उडवला होता. पुढे पकडले जाण्याऐवजी १८९८ मध्ये त्यांनी स्वतःचा प्राण घेतला. जर्मनांनी त्यांची कवटी नेली. ती परत द्यावी, असं चक्क १९१९ च्या व्हर्सायच्या तहात लिहिलं गेलं! १९५४ मध्ये ती परत आली आणि ब्रिटिश गव्हर्नरांनी ती सोपवली नातवाकडे, आदम सापींकडे. आजही ती कालेंगाच्या संग्रहालयात आहे.

आदम सापींच्या आधी सभापती कोण होतं, माहीत आहे? मूळ कच्छमधल्या मांडवीच्या घराण्यातले अब्दुलकरीम करीमजी!

मग एकपक्षीय राज्यात निवडणूक होती तरी कशी? एकाच पक्षाचे दोन उमेदवार उभे राहायचे. एकाची खूण कुदळ, दुसऱ्याची घर. १९६५ मध्ये अर्थमंत्री पॉल बोमानीसुद्धा हरले, बरं का! म्हणजे लोकांना माणूस बदलता येत होता, पक्ष मात्र नाही.

आणि पक्षाशीच पटलं नाही तर? १९६८ मध्ये पक्षाने काही खासदारांना काढून टाकलं. झालं! त्यांची खासदारकीही गेली. सभागृहापेक्षा पक्ष मोठा होता. तिथे सभापतींची खुर्ची कितीही उंच असली तरी काय उपयोग?

१९९२ मध्ये कायदा बदलला. १९९५ च्या निवडणुकीनंतर विरोधी खासदार सभागृहात आले. पण तोवर आदम सापी खुर्चीवरून उतरले होते. १९९९ मध्ये ते वारले.

आता टीव्हीवर लोकसभेतला गोंगाट पाहून मोठी माणसं वैतागली, तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. गोंगाट वाईटच, पण समोर बोलणारं कुणीच नसणं, हे त्याहून वाईट!