तांबडी धूळ आणि प्रोजेक्टरचा बल्ब

समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या माथेरानमध्ये मोटारींना दस्तुरी नाक्याच्या पुढे प्रवेश नसल्याने तिथली हवा धुराने बिघडत नाही. परंतु जांभ्या दगडाच्या झिजेतून झालेली तांबडी धूळ घोड्यांच्या टापांनी कोरड्या ऋतूत सतत उडत राहते, आणि हॉटेलच्या सभागृहात किंवा शाळेच्या वर्गात लावलेल्या प्रोजेक्टरच्या बल्बचा खरा शत्रू हीच धूळ होय.

फिलिप्स कंपनीने १९९५ मध्ये बाजारात आणलेल्या प्रकारच्या या बल्बमध्ये तापलेली तार नसते. क्वार्ट्झच्या, म्हणजे शुद्ध सिलिकापासून केलेल्या काचेच्या, लहानशा कुपीत टंगस्टन धातूची दोन टोके जेमतेम एक मिलिमीटर अंतरावर असतात आणि त्यांच्यामधील पाऱ्याच्या वाफेतून विजेची ठिणगी अखंड पेटती राहते. त्या वेळी वाफेचा दाब वातावरणाच्या सुमारे दोनशे पट होतो व काच हजार अंशांच्या आसपास तापते. तापमान याहून वाढले, तर काच पांढुरकी पडते, प्रकाश अडतो, आणि अडलेल्या प्रकाशाने काच आणखी तापते. म्हणूनच पंख्याने आत ओढलेली हवा बल्बपर्यंत विनाअडथळा पोहोचणे हे सर्वांत महत्त्वाचे ठरते.

या हवेच्या वाटेवरील फिल्टर माथेरानात उन्हाळ्यात लवकरच तांबूस होतो आणि पावसाळी दमटपणात त्यावरची धूळ चिकटून थर धरते; त्यामुळे पुस्तिकेत दिलेल्या मुदतीची वाट न पाहता तो मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने वारंवार साफ करणे इष्ट. धुतलेला फिल्टर पूर्ण वाळल्याखेरीज बसवू नये. उंचीवरील विरळ हवेसाठी पंखा जोरात फिरवण्याची जी सोय असते, ती बहुतेक उत्पादक सुमारे १५०० मीटरच्या वर सुचवतात, त्यामुळे माथेरानात तिची गरज सहसा पडत नाही.

बल्ब पेटण्याच्या क्षणी टंगस्टनचे कण उडून काचेवर बसतात. कुपीतील ब्रोमीन ते पुन्हा टोकांकडे परत नेते, पण काच पुरती तापल्यावरच. साहजिकच दहा मिनिटांच्या विश्रांतीसाठी बल्ब बंद करून पुन्हा पेटवण्यात बचत नसून उलट हानीच होते. वादळी पावसात लाईट गेली की पंखाही थांबतो आणि तापलेला बल्ब तसाच कोंडून राहतो. म्हणून प्रोजेक्टरला यूपीएस जोडणे हा खर्च नव्या बल्बच्या किमतीपुढे निश्चितच परवडणारा आहे. प्रखर प्रकाशाची गरज नसताना इको मोड, म्हणजे कमी वीज घेणारी रचना, वापरल्यास आयुष्य बरेच वाढते.

बल्बसाठी सांगितलेले दोन ते पाच हजार तास म्हणजे उजेड साधारण निम्म्यावर येण्याचा काळ. तो उलटल्यावरही बल्ब ताणून वापरल्यास कुपी फुटून पाऱ्याची वाफ खोलीत पसरू शकते. तसे झाल्यास सर्वांनी लगेच बाहेर पडून खोलीला वारा द्यावा. उतरवलेला बल्बही दरीत वा कचऱ्यात न टाकता, बंद खोक्यात घालून ई-कचरा संकलनासाठी खाली पाठवावा.