अनोळखी बैल, ओळखीचा बैल

मेक्सिकोतल्या बैलझुंजीसाठी लागणारा बैल माणसाला अनोळखी असावा लागतो. चार-पाच वर्षांचा होईपर्यंत तो मोकळ्या कुरणात वाढतो. घोड्यावरचे राखणदार त्याच्या रोजच्या पाहण्यातले असतात, पण पायी चालणाऱ्या माणसाशी त्याची गाठ पडू दिली जात नाही. कारण साधे आहे: बैल लवकर शिकतो. फडक्यामागे माणूस उभा आहे हे एकदा कळले, की पुढच्या खेपेला तो फडके सोडून माणसावरच जातो. म्हणून रिंगणातली पहिली खेप हीच बहुधा त्याची शेवटची असते. आधी घोडेस्वार भाल्याने त्याच्या मानेमागचे स्नायू जखमी करतो, मग रंगीत कागद गुंडाळलेल्या काटेरी काड्या पाठीत रोवल्या जातात आणि अखेर मातादोर तलवार चालवतो. मेक्सिको शहरात १९४६ साली उघडलेल्या ‘प्लाझा मेक्सिको’ या रिंगणात हे पाहायला सुमारे ४१ हजार माणसे बसू शकत.

या झुंजीवरची गाजलेली कादंबरी म्हणजे ‘द ब्रेव्ह बुल्स’ (१९४९). लेखक टॉम ली हा मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासो शहरातला चित्रकार. पुस्तकातली चित्रेही त्याचीच. नायक लुइस बेयो हा नावाजलेला मातादोर आतून भीतीने पोखरला गेला आहे. १९५१ साली या कादंबरीवर चित्रपट निघाला. झुंजीच्या पुस्तकांवर वाचकांत दोन तट पडणे तोवर जुने झाले होते. हेमिंग्वेच्या ‘डेथ इन द आफ्टरनून’ (१९३२) या पुस्तकाची लेखक मॅक्स ईस्टमनने दुसऱ्याच वर्षी खिल्ली उडवली होती आणि १९३७ मध्ये प्रकाशकाच्या कचेरीत दोघांची झोंबाझोंबीही झाली. वाद मर्दानगीचा होता. बैल त्यात नावापुरताच.

देऊळगाव राजासारख्या, वऱ्हाड आणि मराठवाड्याच्या शिवेवरच्या बालाजीच्या गावी अशी कादंबरी वाचली, तर पहिला प्रश्न वेगळाच पडेल: हा बैल कुणाच्या दावणीचा? इथे गोऱ्हा लहानपणापासून हाताखाली येतो, वेसण घालून घेतो, जुवाला खांदा द्यायला शिकतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच खांद्याला हळद-लोणी चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण त्याला रीतसर देतात. माणसाला न ओळखणारा बैल या जगात कामाचा नाही. मातादोरचे भय वाचकाला कळेल. पण माणसाला अनोळखी असलेला बैल मरताना शोक कुणाच्या बाजूने करायचा, हे कळायला जड जाईल.

मराठीतली बैलांची मोठी कादंबरी याच ओळखीवर उभी आहे. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’मध्ये (१९७१) नारबा हा शेतगडी कागल-कोल्हापूरकडच्या बोलीत आपली हकिगत सांगतो. मळ्यातली जनावरे हाच त्याचा गोतावळा. ट्रॅक्टर येतो आणि बैलांची गरज सरते. तलवार नाही, रिंगण नाही; तरी जनावरांच्या ताटातुटीचा घाव कोणत्याही झुंजीपेक्षा खोल जातो. वऱ्हाडी वाचकाला ती बोली परकी, पण दुःख अजिबात परके नाही.

सी. सु. चेल्लप्पा यांची ‘वाडिवासल’ (१९५९) ही जल्लीकट्टूवरची छोटी तमिळ कादंबरी या दोहोंच्या मधली. बापाचा जीव घेणाऱ्या ‘कारी’ बैलाला वश करायला पिच्ची येतो. कारीला नाव आहे, धनीही आहे, तो म्हणजे जमीनदार. पिच्ची जिंकतो आणि हरलेल्या, बिथरलेल्या बैलावर जमीनदार स्वतः गोळी झाडतो. बैलाची ओळख इथे मायेची नसून प्रतिष्ठेची आहे.

विदर्भाचा स्वतःचा खेळ म्हणजे शंकरपट. त्यात बैल माणसाशी भिडत नाही. हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी दाणीवर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, सुटते आणि निकाल सेकंदांत लागतो. झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक अशी सांगडच आहे. पण हातातली तुतारी, म्हणजे आर लावलेली काठी, या खेळाचेही जुने दुखणे आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतीही बंद केल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीची नाही आणि तो भीतीपोटी धावतो, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पटशौकिनांचे उत्तर पोळ्याचेच: जिवापाड जपलेल्या जोडीला कोण छळेल? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. जपणारा हात आणि तुतारीचा हात पुष्कळदा एकच असतो.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, ती उच्च न्यायालयात अडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या ग्राह्य धरल्या. पटाला आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मारहाणीला मनाई आहे.

मेक्सिको शहरानेही मार्च २०२५ मध्ये झुंजीचे नियम बदलले. विधिमंडळात ६१ विरुद्ध १ अशा मतांनी संमत झालेल्या या सुधारणेनुसार तलवार, भाला आणि काटेरी काड्या बंद झाल्या, शिंगांवर आवरण आले. रिंगणात किंवा रिंगणाबाहेर बैलाला मारायचे नाही. खेळ संपला की त्याला त्याच्या कुरणात परत पाठवायचे.