चुनखडीच्या पाण्याने धुतलेला चेहरा

यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव, वणी, झरी जामणी या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडीचे थर आहेत. राजूरच्या चुनाभट्ट्या आणि मुकुटबनचा सिमेंट कारखाना त्यांच्याच जिवावर उभे राहिले. अशा दगडातून झिरपत आलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊनच वर येतं. मग पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरी पुटं चढतात, तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि साबण कितीही घासला तरी फेस धरत नाही. शाळेच्या पुस्तकात अशा जड पाण्याला दुष्फेन पाणी म्हणतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचं काठिण्य लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं.

काठिण्य ३०० धरून हिशेब करू. कॅल्शियमचा एक आयन साबणाचे दोन रेणू पकडतो आणि त्यांचा न विरघळणारा चिकट साका करून टाकतो. एका लिटरला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास साबण असा वाया जातो. १५ लिटरच्या बादलीतलं सगळं पाणी साबणाशी भिडलं, तर २५ ग्रॅमहून अधिक साबण फेस येण्याआधीच संपतो. त्यातला थोडा साका नाल्यात जातो आणि थोडा कातडीवर बसतो. आंघोळीनंतर गाल ताणल्यासारखे वाटतात, नडग्यांवर नखाने पांढरी रेघ उमटते, त्यात या साक्याचाही वाटा असतो.

मायसेलर वॉटर नावाची बाटली अशाच पाण्याच्या शहरातून आली असं सांगतात. पॅरिसही चुनखडीवर वसलेलं आहे आणि तिथल्या नळाचं पाणी जड आहे. बायोडर्मा या फ्रेंच कंपनीने १९९० च्या दशकात, नळाच्या पाण्याची गरजच पडू नये अशा बेताने हे द्रावण बाजारात आणलं. आज ते यवतमाळ जिल्ह्यातही ऑनलाइन घरपोच मिळतं. कापसाच्या बोळ्यावर घ्या, चेहरा पुसा, धुवायची गरज नाही, असं बाटलीवर लिहिलेलं असतं. हा दावा कितपत खरा आहे हे पाहण्याआधी आत काय आहे ते समजून घ्यायला हवं.

साबणाच्या किंवा कुठल्याही सर्फॅक्टंटच्या रेणूला एक पाण्याशी जमणारं डोकं असतं आणि एक तेलाशी जमणारं शेपूट. पाण्यात हे रेणू थोडेच असतात तेव्हा सुटे फिरतात. प्रमाण एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की ते आपोआप गोळा होतात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. हा गोळा म्हणजे मायसेल. त्याचा आकार काही नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी लहान. म्हणून द्रावण पाण्यासारखं नितळ दिसतं. जेम्स मॅकबेन या रसायनशास्त्रज्ञाने १९१३ च्या सुमारास ही कल्पना मांडली, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायला फारसं कुणी तयार नव्हतं. काजळ, सनस्क्रीन, कपाळावरचा तेलकटपणा हे सगळं गोळ्याच्या आतल्या तेलकट भागात शिरतं आणि बोळ्याबरोबर निघून येतं.

या अर्थाने साबणाचं पाणीही मायसेलरच आहे. सौम्यपणा मायसेलमधून येत नाही, तो मायसेल कुठल्या रेणूंचं आहे यावर ठरतो. कातडीच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी असतात आणि त्यांच्या मधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल व स्निग्धाम्लांनी भरलेल्या असतात. सुटे, लहान, ऋणभारित सर्फॅक्टंट या फटींत घुसतात, तिथली चरबी काढतात आणि पेशींतल्या प्रथिनांना फुगवतात. डोक्यावर विद्युतभार नसलेले किंवा दोन्ही भार असलेले सर्फॅक्टंट प्रथिनांना कमी चिकटतात. बाटल्यांची तुलना करायची तर ती इथे करायची.

बायोडर्माच्या सेन्सिबिओ या मायसेलर वॉटरच्या घटकांची यादी पाहा. पाण्यानंतर पीईजी-६ कॅप्रिलिक/कॅप्रिक ग्लिसराइड्स येतात. हा भार नसलेला सर्फॅक्टंट आहे, आणि कॅप्रिलिक व कॅप्रिक ही स्निग्धाम्लं खोबरेल तेलातही असतात. पुढे मॅनिटॉल, झायलिटॉल, ऱ्हॅम्नोज हे शर्करावर्गीय घटक, काकडीचा अर्क आणि जंतू वाढू नयेत म्हणून सेट्रिमोनियम ब्रोमाइड. गार्निएच्या गुलाबी झाकणाच्या बाटलीत काम करतात पोलोक्सॅमर १८४ आणि डायसोडियम कोकोअँफोडायअसिटेट. पहिल्यावर भार नाही, दुसऱ्यावर दोन्ही. सोबत हेक्झिलीन ग्लायकॉल हा द्रावक आणि ओलावा धरणारं ग्लिसरीन. किमतीत या दोघींमध्ये बरंच अंतर असलं तरी रसायनात तेवढं नाही. दोन्हींत डायसोडियम ईडीटीए असतं, आणि ते कॅल्शियमसारख्या धातूंच्या आयनांना जखडून ठेवतं. मारेगावच्या बोअरच्या पाण्यात साबणाचा जो गुंता होतो तो या बाटलीत होऊच दिलेला नाही.

सूत्रं देशागणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून हातातल्या बाटलीची यादी वाचावी. भारतात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात; त्याखालचे कुठल्याही क्रमाने चालतात. दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत मिरवणारे गुलाब, कोरफड, जीवनसत्त्वं बहुधा यादीच्या या शेवटच्या भागात सापडतात. नायसिनामाइड हा चांगला घटक आहे, पण जे द्रावण मिनिटभरात पुसून टाकायचं त्यात त्यासाठी जास्त पैसे देणं मला पटत नाही. सुगंध आणि डीनेचर्ड अल्कोहोल नसलेली बाटली घ्यावी. नाजूक कातडीला सर्वांत आधी हेच दोन घटक झोंबतात.

साबणाचा अल्कधर्मी स्वभाव घरात सहज तपासता येतो. हळदीच्या कार्यक्रमात पिवळा झालेला कपडा धुताना साबण लागला की डाग लाल होतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हळदीतलं कर्क्युमिन अल्कधर्मी द्रावणात रंग बदलतं. साबणाच्या द्रावणाचा पीएच ९ ते १० असतो, तर निरोगी कातडीचा साधारण ५, म्हणजे किंचित आम्लधर्मी. आता त्याच डागाच्या कोरड्या कोपऱ्यावर मायसेलर वॉटरचा थेंब टाका. सहसा रंग पिवळाच राहतो. मग रिठ्याचं पाणी टाका. तेही पिवळंच ठेवतं.

रिठ्याकडे मी मुद्दाम वळतो आहे, कारण या विषयात त्याला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही. रिठ्याच्या टरफलात भरपूर सॅपोनिन असतात. साखरेची साखळी हे त्यांचं डोकं आणि तेलाशी जमणारा सांगाडा हे शेपूट. पाण्यात त्यांचे मायसेल होतात आणि जड पाण्यात साका होत नाही. रेशमी लुगडी आणि सोन्याचे दागिने रिठ्याने धुण्याची पद्धत आहे. मात्र नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं नाही. रिठ्याचं पाणी डोळ्यांत भयंकर झोंबतं, काजळ काढायला ते चालणार नाही. इथे बाटलीच सरस.

आता धुवायची गरज नाही या दाव्याबद्दल. पुसल्यावर मायसेल आणि सुटे सर्फॅक्टंट थोडे तरी चेहऱ्यावर राहतात. रात्रभर राहिले तर सौम्य सर्फॅक्टंटही काहींना त्रास देतो. शेफिल्ड विद्यापीठ आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की सोडियम लॉरिल सल्फेट या सर्फॅक्टंटने धुतल्यावर जड पाणी वापरलं तर कातडीवर सर्फॅक्टंट जास्त उरतो आणि दाहही जास्त होतो. विशेषतः इसब असलेल्यांना. याचा अर्थ घरातलं सगळं पाणी यंत्राने मऊ करून घ्यावं असा होत नाही. ब्रिटनमध्येच ३३६ मुलांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तशा यंत्रांनी इसब कमी झाला नव्हता. पाणी बदलण्यापेक्षा धुण्याचं द्रव्य बदलणं स्वस्त आणि हाती असलेलं आहे. माझं मत असं: मायसेलर वॉटरने पुसल्यावर ओल्या मऊ फडक्याने एकदा टिपून घ्यावं. पावसाचं साठवलेलं किंवा उकळून निवळलेलं पाणी असेल तर उत्तम. उकळल्याने काठिण्याचा काही भाग तळाशी बसतो.

बोळ्यासाठी घरचा कापूस मात्र वापरू नये. मारेगावात वेचणीच्या दिवसांत ओसरीवर ढीग असतो, पण कच्च्या कापसाच्या धाग्यावर मेणाचा पातळ थर असतो. पाण्यात टाकला तर तो तरंगतो. औषधाच्या दुकानातला कापूस अल्कलीत उकळून, मेण काढून, विरंजित केलेला असतो, म्हणून तो द्रावण शोषतो.

ज्या शेतात हा कापूस येतो, तिथे या बाटलीचा उपयोग नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाण्यात टाकताच दुधाळ होणाऱ्या प्रोफेनोफॉससारख्या औषधात द्रावक आणि सर्फॅक्टंट मिसळलेले असतात. मायसेलचंच जवळचं रसायन तिथे विष पसरवण्याच्या कामाला लावलेलं असतं आणि ते कातडीतूनही आत जातं. अंगावर औषध सांडलं तर बोळ्याने पुसत बसू नये. कपडे तात्काळ उतरवून साबण आणि वाहत्या भरपूर पाण्याने धुवावं, केस आणि नखांच्या खालचा भागही. बोअरच्या पाण्यात साबण फेस धरत नसेल तर शाम्पू घ्यावा, त्यातले सर्फॅक्टंट जड पाण्यातही काम करतात. फवारणीला निघताना पाण्याच्या कॅनसोबत शाम्पूच्या दोन-चार पुड्या ठेवाव्यात. धुऊन झाल्यावर मळमळ, घाम किंवा धूसर दिसणं सुरू झालं तर औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा. डब्यावरचं नाव वाचता आलं तर डॉक्टरांना योग्य उतारा ठरवणं सोपं जातं.