गाऱ्हाणे ऐकणारी माणसे

सन १८७४ च्या सुमारास, दक्षिणेतील दुष्काळात अन्नान्नदशेने भटकणाऱ्या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबात कर्त्या पुरुषापाठोपाठ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचाही अंत झाला, तेव्हा परमुलखात त्यांच्या प्रेताला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा खांदा थोरला भाऊ श्रीनिवास याने दिला, आणि चौथी होती सोळा वर्षांची धाकटी मुलगी रमा, जिची उंची कमी असल्यामुळे तिरडीचा आपला भार तिने खांद्यावर न घेता डोक्यावर घेतला आणि स्मशानापर्यंतची सुमारे तीन मैलांची वाट चालून काढली. पुढे पंडिता रमाबाई म्हणून जगाला माहीत झालेल्या या विदुषीने हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

दुःख माणसाला मोठे करते, असे आपण सहज म्हणतो. कुडाळच्या आठवडा बाजारातही एखाद्याची कर्मकथा निघाली की शेवटी कोणीतरी हेच समाधान काढते. या समजुतीत अर्धे सत्य आहे, आणि राहिलेले अर्धे न सांगितल्यामुळे दुःखात असलेल्या माणसावर नकळत अन्याय होतो, असे मला वाटते. रमाबाईंच्या चरित्राकडे थोडे बारकाईने पाहिले तर ते राहिलेले अर्धे दिसू लागते.

आईवडिलांमागोमाग थोरली बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे पायी भटकत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंचा विवाह झाला, कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पती गेला. चोवीस वर्षेही पूर्ण न झालेल्या या स्त्रीजवळ तान्ह्या मुलीखेरीज रक्ताचे जवळचे असे कोणी उरले नाही. एवढ्या आघातांची यादी देऊन थांबले तर वाचकाला कणव येईल, पण उलगडा होणार नाही. उलगडा पाहायचा तो १८९६-९७ च्या दुष्काळात. मध्य प्रांतातील उपासमारीची वार्ता कानी पडताच रमाबाईंच्या मनात वीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक जागी झाली. त्या स्वतः तिकडे गेल्या, अन्नछत्रे आणि दुष्काळी कामांवरची वस्ती पाहिली, आणि निराधार मुलींना व विधवांना आपल्याबरोबर घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचा कहर असल्यामुळे त्यांना तिथे ठेवणे अशक्य झाले, म्हणून दौंडच्या वाटेवर केडगाव येथे आधी घेतलेल्या जमिनीवर त्यांची तजवीज झाली, आणि मुक्तिसदन उभे राहिले. तिथे पुढे विणकाम, शेती व छापखाना चालला, अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवण्यात आली. ज्या मुलीने आईची तिरडी डोक्यावर वाहिली, तिने शेकडो अनाथांचा भार पत्करला. पण या दोन घटनांमध्ये वीस वर्षांचा काळ आहे, आणि आपल्या विषयाचे खरे मर्म त्या वीस वर्षांत आहे.

त्या काळात काय घडले? कलकत्त्याच्या पंडितांनी या अनाथ मुलीचे बोलणे ऐकून घेतले, तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुण्यात तिने आर्य महिला समाज स्थापला, १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षक व स्त्री-वैद्य हवेत असे सरकारदरबारी मांडले, आणि १८८७ साली अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर ग्रंथ लिहून, स्वतःला जे सोसावे लागले ते एका संपूर्ण वर्गाचे सोसणे म्हणून जगापुढे ठेवले. म्हणजे दुःख आधी सांगितले गेले, मग लिहिले गेले, मग त्याचे काम झाले. आणि प्रत्येक पायरीवर ऐकणारे कोणीतरी समोर होते.

अमेरिकेतील रिचर्ड टेडेस्की व लॉरेन्स कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात या विषयाची पद्धतशीर मांडणी केली आणि १९९६ साली आघातानंतरची वाढ मोजण्याची एक प्रश्नावली सिद्ध केली. आप्तजनांशी अधिक जवळीक, आयुष्यात नव्या वाटांचे दर्शन, स्वतःच्या सामर्थ्याचा प्रत्यय, आध्यात्मिक परिवर्तन आणि जगण्याचे वाढलेले मोल, अशी पाच अंगे त्यांनी त्यात धरली. त्यांचे प्रतिपादन असे की, आघात स्वतः वाढ घडवत नाही. जग बहुतांशी न्याय्य आहे, आपल्या माणसांना काही होणार नाही, अशी जी गृहीतके आपण न तपासता बाळगलेली असतात त्यांना भूकंपासारखा हादरा बसतो, आणि ती पडझड झाल्यावर त्या जागी नवी समजूत बांधण्याची जी खटपट माणूस करतो, तिच्यातून वाढ होते. प्रारंभी आठवणी नको असता मनात घुसतात. कालांतराने, भरवशाचा श्रोता लाभला तर, माणूस त्याच आठवणींकडे आपण होऊन वळतो व त्यांचा अर्थ लावू लागतो. हा पालट एकांतात क्वचितच घडतो. आपण वाढलो असे वाटणे आणि प्रत्यक्ष वाढणे यांत अंतर असते, असा आक्षेप पुढच्या संशोधकांनी घेतला आहे व तो विचारार्ह आहे; म्हणून रमाबाईंसारख्या, ज्यांची वाढ त्यांच्या कृतीत दिसते, अशांची उदाहरणे मला अधिक प्रमाण वाटतात.

श्रोत्याच्या या महत्त्वाची जाण आमच्या मुलखाला नवी नाही. सिंधुदुर्गातील कोणत्याही ग्रामदेवतेच्या देवळात सणावारी वा संकटसमयी गाऱ्हाणे घातले जाते, तेव्हा जाणता मानकरी गावाची व घरोघरची दुखणी देवापुढे मोठ्याने मांडतो, आणि प्रत्येक वाक्यासरशी जमलेला समुदाय ‘व्हय महाराजा’ म्हणून होकार देतो. देव ऐकतो की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण शेजारीपाजारी ऐकतात, एवढे निःसंशय. ज्याच्या घरात रोगराई आहे, ज्याचा मुलगा मुंबईला जाऊन बेपत्ता झाला आहे, त्याचे दुःख चारचौघांच्या साक्षीने उच्चारले जाते आणि ते त्याच्या एकट्याचे राहत नाही. मात्र या गाऱ्हाण्यात आमच्या विधवांचे दुःख त्यांच्या स्वतःच्या मुखाने कधी आले नाही. त्यांनी ते पहाटे जात्यापाशी ओव्यांतून सांगितले, आणि ऐकायला बहुधा दुसरी तशीच एखादी बाई असे.

हे श्रोतृत्व एका हातातून दुसऱ्या हातात कसे जाते, हे पाहण्यासाठी कोकणातल्याच देवरुखच्या जोशी घराण्याकडे वळावे लागते. तेथील गोदूबाई आठव्या वर्षी, लग्न होऊन काही महिनेच झाले असता, विधवा झाल्या आणि सासरी राबण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. त्यांचे बंधू नरहरपंत यांनी त्यांना मुंबईला आणले, आणि ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी उघडलेल्या शारदासदनात त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी झाल्या. स्वतः वैधव्य भोगलेली एक स्त्री समोर बसून अक्षरे शिकवते आहे, हे गोदूबाईंना किती धीर देणारे झाले असेल! चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला; त्यापायी कर्वे यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्काराचा ठराव केला, आणि तरीही त्या आनंदीबाई कर्वे म्हणून उभ्या राहिल्या. १८९६ साली कर्वे यांनी जो अनाथबालिकाश्रम काढला व जो पुढे हिंगण्यास नेला, त्याच्या आधारस्तंभ ठरल्या त्या गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले, ज्यांना विशीच्या उंबरठ्यावर पदरी मूल असता वैधव्य आले होते. केशवपन झालेली, फारसे शिक्षण नसलेली ही देवरुखची मुलगी आश्रमासाठी निधी गोळा करीत गावोगाव फिरली, उतारवयाकडे झुकल्यावर इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला गेली, तिथे लोकांच्या घरी काम करून पोट भरले, परत येऊन आपली कहाणी लिहिली. रमाबाईंनी गोदूबाईंचे ऐकले, गोदूबाईंनी धाकट्या बहिणीचे ऐकले, पार्वतीबाईंनी हिंगण्याला आलेल्या किती मुलींचे ऐकले त्याची मोजदाद कोणत्याही दप्तरात नाही.

आणि जे वाढू शकले नाहीत, त्यांचे काय? हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणे मला अप्रामाणिक वाटते. १८८३ साली रमाबाईंबरोबर विलायतेला गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेज येथे, त्या परक्या मुलखात, स्वतःच्या हाताने जीवन संपविले. प्रवास तोच आणि परकेपणही तोच होता, परंतु एकीच्या वाट्याला उभारी आली आणि दुसरीच्या वाट्याला अंत. दुसरीत काही न्यून होते असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. स्वतः रमाबाईंचेही दुःख कधी फिटले नाही. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी, नऊ महिन्यांच्या आत, त्यांनी देह ठेवला. वाढ झाली म्हणून वेदना संपत नाही. दोन्ही एका माणसात शेजारी शेजारी राहतात. म्हणून शोकाकुल घरी जाऊन ‘यातून काही चांगलेच होईल’ असे बोलू नये. तो निष्कर्ष काढायचा झालाच तर तो ज्याचा त्याने, त्याच्या सवडीने काढावा.

आपल्या हाती आहे ते ऐकणे, आणि ज्या रूढी दुःखिताचे तोंड बंद करतात त्या मोडणे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. परिपत्रक आपोआप अमलात येत नसते. कुडाळ तालुक्यातील वाचकांना माझी विनंती आहे की, येत्या ग्रामसभेत आपल्या गावाने असा ठराव केला आहे का हे विचारावे, केला नसेल तर तो विषयपत्रिकेवर घेण्यासाठी लेखी अर्ज द्यावा, आणि त्या चर्चेत गावातील विधवा स्त्रियांना सर्वांआधी बोलू द्यावे.