चरबीचा आकडा की पाण्याचा?

‘जिममधल्या यंत्रावर सकाळी चरबी १८ टक्के, दुपारी शेतावरचं प्रात्यक्षिक आटोपून आलो तर २०! इतक्यात चरबी वाढते?’ परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याचा हा प्रश्न.

वाढत नाही. मुळात ते यंत्र चरबी मोजतच नाही. तळपायांतून अगदी क्षीण वीजप्रवाह सोडून ते अडथळा मोजतं. पाणीदार स्नायूंतून वीज सहज जाते, चरबीत अडते. अडथळ्यावरून पाण्याचा अंदाज, पाण्यावरून चरबी वगळता उरणारं वजन (त्यात ७३ टक्के पाणी गृहीत धरतात) आणि वजाबाकी करून चरबी! सेलू-मानवतच्या बाजारात कापसाचा ओलावा पाहून भाव ठरतो, तसाच हा हिशेब.

समजा, ६० किलोच्या मुलाच्या अंगात ३६ लिटर पाणी आहे. चरबी येते १७.८ टक्के. मे महिन्याच्या उन्हात त्याचा दोन लिटर घाम गेला, की त्याच सूत्राने ती १९.७ होते. चरबी मात्र कणभरही बदललेली नसते. तापलेली, घामेजलेली त्वचा तर आकडा उलट दिशेलाही ढकलते.

अंगातलं पाणी मोजायची खरी युक्ती १९३४ची. शास्त्रज्ञ जॉर्ज हेवेशी आणि एरिक होफर यांनी जड पाणी (ज्यात हायड्रोजनचं जड समस्थानिक असतं) पिऊन लघवीत ते किती विरळ होतं हे तपासलं. उत्तर आलं : वजनाच्या सुमारे ६३ टक्के पाणी, आणि पाण्याचा रेणू शरीरात सरासरी १३ दिवस राहतो. किती देखणा प्रयोग! हेवेशींना पुढे नोबेल मिळालं ते समस्थानिकांच्या अशाच वापरासाठी. होफरचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही.

मग चरबी मोजूच नये का? आपल्याकडे तर मोजायलाच हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. पण क्ष-किरण तपासणीत युडकिन यांची चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांची छायाचित्रं शेजारी-शेजारी छापून आली. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय तरुणालाही मधुमेहाचा धोका का, याकडे त्यातून लक्ष वेधलं गेलं.

तेव्हा यंत्रावर उभं राहायचं ते सकाळी, उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर. दर वेळी त्याच यंत्रावर. एका दिवसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, काही महिन्यांचा कल पाहा आणि कंबरेला टेप लावा. परभणीच्याच सामुदायिक विज्ञान महाविद्यालयाला एक विनंती : आपल्या विद्यार्थ्यांची मोजमापं हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात घ्या. यंत्रातलं सूत्र ज्यांच्यावर बेतलं, त्यांचं अंग आणि ऊन आपल्यासारखं असेलच असं नाही; मराठवाड्याच्या मुलांसाठी सूत्र मराठवाड्यातच तयार व्हायला हवं.