प्लास्टिकची यंत्रमानव-प्रतिकृती : जुळणी आणि मूल्यमापन

सूचनापत्रिकेबरहुकूम जोडलेल्या प्रतिकृती दिसावयास सारख्याच असतात. त्यामुळे केवळ बाह्य सफाईवर गुण दिल्यास विद्यार्थ्याचे आकलन तपासले जात नाही. त्यासाठी पुढील तीन निकष उपयुक्त ठरतात.

पहिला निकष प्रमाणाचा. जपानच्या बांदाई कंपनीने १९८० मध्ये 'गंडम' या काल्पनिक यंत्रमानवाचा संच १:१४४ प्रमाणात काढला. १८ मीटर उंची त्यात १२.५ सेंटिमीटर होते. याच प्रमाणात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथील नियोजित लायगो-इंडिया प्रकल्पाची ४ किलोमीटरची भुजा सुमारे २८ मीटर भरेल. हे गणित विद्यार्थ्याने स्वतः मांडावे.

दुसरा निकष सांध्याचा. उचललेला हात खाली आल्यास घर्षण अपुरे आहे, हे त्यास सांगता यावे.

तिसरा निकष तोलाचा. गुरुत्वमध्यातून जाणारी लंबरेषा पावलांच्या आधारक्षेत्राबाहेर गेल्यास प्रतिकृती कलंडते. उभी ठेवण्याची स्थिती त्याने सकारण निवडावी.

सारांश, गुणदानात तयार वस्तूबरोबर विद्यार्थ्याच्या स्पष्टीकरणासही स्थान असावे.